मासे न खाणाऱ्या घरातले मासे

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा मासळीच्या खात्यात संशोधनाचं काम करतो असं कळलं आणि माझ्या आईचा चेहरा पडला. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. मुलाकडचे बदलापूरचे, तेही आमच्यासारखेच शाकाहारी, मग हा मासळीत कसा गेला, हे आईला कळेना. बघायला आले त्या दिवशी शेवटी तिनं विचारलंच. मुलगा काही बोलायच्या आत त्याची आई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणाल्या, "तो मासे धरत नाही आणि खातही नाही. नुसते मोजतो."

मला हसू आलं आणि ते त्यांनी पाहिलं. लग्न ठरण्यात त्या हसण्याचा थोडा हात होता असं त्या पुढे नेहमी सांगत.

ह्यांनी प्राणिशास्त्र घेतलं होतं आणि जी पहिली सरकारी नोकरी मिळाली ती समुद्रातल्या माशांची निघाली. ऑफिस मुंबईला, पण काम किनाऱ्यावर. होड्या लागल्या की जायचं, जाळ्यात काय आलं ते बघायचं, प्रत्येक जातीचे थोडे मासे घेऊन त्यांची लांबी मोजायची, पोट फाडून आत अंडी आहेत का आणि माशानं काय खाल्लंय ते बघायचं. समुद्राच्या पाण्याची बादली भरून त्यात तापमापक बुडवायचा. बारा महिने मासे हाताळणाऱ्या ह्या माणसानं मासा कधी चाखला नव्हता. समुद्र आवडायचा, पण होडीत बसलं की उलट्या व्हायच्या. तेही त्यांनी मला लग्नाआधीच सांगून टाकलं.

सासूबाईंनी मुलाच्या नोकरीशी आपल्या पद्धतीनं जुळवून घेतलं होतं. हे घरी आले की चपला जिन्यात. पिशवी गॅलरीत. तिथून सरळ न्हाणीघर. कपडे वेगळ्या बादलीत, त्या बादलीला कोणी शिवायचं नाही. मगच चहा. यात राग नव्हता. "आलास का रे?" असं त्या आतूनच विचारत आणि न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल अडकवून ठेवत.

त्या वर्षांत ह्यांच्याकडे उरणच्या बाजूचं एक कोळ्यांचं गाव होतं. तिथे डोल लावायचे. डोल म्हणजे भल्या मोठ्या नरसाळ्यासारखं जाळं. ते समुद्रात खांबांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर मासे आपोआप आत येतात. शेवटचं शेपूट, ज्याला खोला म्हणतात, त्याची भोकं फार बारीक असतात. त्यातून काहीच सुटत नाही. बोंबील येतो, तशी बोटाएवढी बोंबलाची पिल्लंही येतात. खोल्याची भोकं थोडी मोठी केली तर पिल्लं निसटतील, वाढतील, अंडी घालतील, एवढं साधं म्हणणं घेऊन हे त्या गावात जात होते. गावातली माणसं चहा पाजत, ऐकून घेत आणि जाळं होतं तसंच ठेवत.

लाँचचा प्रवास ह्यांना सोसायचा नाही, त्यामुळे त्या गावाहून मुंबईच्या ऑफिसपेक्षा घर जवळ पडायचं. पनवेलला एस.टी. बदलली की बदलापूर. शनिवारी होड्या उशिरा लागल्या तर हे बर्फात घातलेले मासे घेऊन घरी यायचे आणि सोमवारी ऑफिसला न्यायचे. मधला रविवार मासे कुठे ठेवायचे हा प्रश्न. आमच्या फ्रिजमध्ये ते शक्यच नव्हतं. तिथे नैवेद्याचं दूध असायचं. बर्फ वितळून गॅलरीतून पाणी खाली ठिबकलं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्यावर विषय निघाला. सेक्रेटरी अदबीनं बोलत होते, पण बोलत होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ताई राहायच्या. कल्याणला टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या. त्यांच्या दाराच्या आत शिरलं की समोर बुद्धाची छोटी पांढरी मूर्ती होती आणि तिच्यापुढे नेहमी ताजं फूल असायचं. मीटिंग संपल्यावर जिन्यात त्या ह्यांना म्हणाल्या, "आमच्या फ्रिजमध्ये ठेवा ना भाऊ. आमच्याकडे असतातच मासे. फक्त वर चिठ्ठी लावा, नाहीतर आमचे हे काही बघत नाहीत."

चिठ्ठी लावली होती. पण पिशवीला घाम सुटला आणि ती गळून पडली. रविवारी दुपारी ताई वर आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, घोटाळा झाला. ह्यांनी तळले."

हे बाहेर आले. मला वाटलं चिडतील. पण ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "किती मोठे होते? अंडी होती का आत?"

ताईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "अंडी होती. फार छान होती."

यावर सासूबाई आतल्या खोलीत हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "याला वेगळा फ्रिज घेऊन दे बाई. सरकारचे मासे लोक खायला लागले."

तो फ्रिज आम्ही उल्हासनगरहून आणला. जुना, पुन्हा रंग मारलेला, दार लावायला गुडघा टेकवावा लागायचा. दुकानदार सिंधी आजोबा होते. फ्रिज फक्त माशांसाठी हवा म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. त्यांच्या मुलखात म्हणे सिंधू नदीत पल्लो नावाचा मासा समुद्रातून उलटा चढून यायचा आणि तो आला की घराघरात पाहुणे बोलवायचे. "ये दर्या में मिलता है क्या, साहब?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, आपल्याकडे त्याला पाला म्हणतात, खाडीत यायचा, आता फार कमी दिसतो. आजोबा नुसते "अच्छा" म्हणाले. मग उठून त्यांनी फ्रिजच्या आतला दिवा बदलून दिला.

फ्रिज गॅलरीत बसला आणि रविवारी दुपारी हे तिथेच पाट टाकून काम करायला लागले. मी आधी लांबून बघायची. मग मोजपट्टी धरायला लागले, कारण त्यांना दोन्ही हात लागायचे. बोंबील मी त्याआधी फक्त सुकलेला, बाजारात, नाक दाबून पाहिला होता. ताजा बोंबील वेगळाच असतो. मऊ, गुलाबीसर पांढरा, जवळजवळ आरपार दिसणारा, आणि तोंड एवढं मोठं की त्या मऊ अंगाला शोभत नाही. एका रविवारी ह्यांनी माझ्या तळव्यावर पिल्लं ठेवली. माझ्या करंगळीएवढी. त्यांचे डोळे काळ्या मोहरीसारखे होते.

"ही कुठे जातात?" मी विचारलं.

"सुकवून कोंबड्यांच्या खाद्यात."

"एवढीशी?"

"एवढीशीच. मोठी झाली असती तर माणसांनी खाल्ली असती," ते म्हणाले.

माझा तेव्हा पाचवा महिना चालू होता. त्याचा काही संबंध नाही म्हणा, पण मी हात धुवायला उठले नाही. बराच वेळ ती तशीच हातावर धरून बसले.

मुलगी चालायला लागल्यावरची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. हे पुन्हा त्या गावाहून हात हलवत आले होते. जेवताना म्हणाले, "पुरुष ऐकतात, पण मासळी आली की ती बायकांच्या ताब्यात. सुकवायची, विकायची, भाव करायचा, सगळं त्याच. त्यांच्याशी मला नीट बोलताच येत नाही. त्या हसतात आणि निघून जातात."

सासूबाई भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "मग हिला घेऊन जा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी राहील माझ्याजवळ. तू जाऊन ये."

गावात पोचलो तेव्हा ऊन होतं. हे होड्यांकडे गेले आणि मला एका नाखविणीच्या अंगणात सोडलं. नाखवीण म्हणजे होडीमालकाची बायको. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी मासली खात नाय ना?" मी नाही म्हटलं. "मंग काय बोलशील आमच्याशी?" असं म्हणून ती कामाला लागली. बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिला खरंच काम होतं.

किनाऱ्यावर बांबूच्या लांबच लांब वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगलेले, अशा रांगाच्या रांगा. वारा आला की सगळे मिळून हलायचे. मी एका दगडावर बसून बघत होते. माझ्या बोलण्याची मी घरून केलेली तयारी आता निरुपयोगी वाटत होती.

दुपारी समुद्राकडून आभाळ भरून आलं. बायका एकदम थांबल्या, वर बघितलं, आणि सगळ्या धावत सुटल्या. कोणी मला काही सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता. नाखवीण एकटी एका वलांडीवरून बोंबील ओढून काढत होती आणि तिच्या पायाशी टोपल्या रिकाम्या पडल्या होत्या. मी उठले, पदर खोचला आणि तिच्या समोरच्या बाजूनं काढायला सुरुवात केली. पहिली जोडी हातात आली तेव्हा अंगावर शहारा आला, ते खोटं कशाला सांगू. अर्धवट वाळलेले, वरून खरखरीत, आतून अजून ओले. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीनंतर मात्र हाताला तो बोंबील राहिला नाही, फक्त भिजता कामा नये असं काहीतरी राहिलं. जबडे सोडवायची युक्ती नाखविणीनं करून दाखवली. मी तसं केलं. थेंब पडायला लागले. टोपल्या उचलून आम्ही छपराखाली पळत होतो, पुन्हा येत होतो. माझी साडी गुडघ्यापर्यंत वाळूनं आणि खवल्यांनी भरली.

निम्म्याहून जास्त माल भिजलाच. पाऊस लवकर थांबला, पण थांबून उपयोग नव्हता. ओल्या बोंबलात किडे पडतात, असं नाखवीण म्हणाली. ती छपराखाली बसली, मीही तिच्याजवळ बसले. तिच्या सुनेनं बिनदुधाचा चहा दिला.

मग नाखवीण म्हणाली, "या दिसांत पाऊस नसायचा गो. माझी सासू दसऱ्यानंतर आभालाकडं बगायची पन नाय. आता दर साली कवा ना कवा येतो."

मी टोपलीतले बोंबील बघत होते. त्यात बोटाएवढी पिल्लं मिसळलेली होती. मी त्यातलं एक उचललं. ठरवून नाही. म्हटलं, "आमच्या घरी यांच्यासाठी वेगळा फ्रिज आहे." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. गॅलरी, चिठ्ठी, ताईंच्या घरी तळलेली अंडी. ती हसली. आजूबाजूच्या बायकाही जवळ सरकल्या. मी म्हटलं, "ही एवढी असतात तेव्हा धरली, तर अंडी घालायला राहणार कोण?"

"ते आमाला कलत नाय का?" नाखवीण म्हणाली. "पन मोठ्या भोकाच्या जाल्यात जवला कसा येल? जवला नाय आला तर माघापासून होलीपर्यंत खायाचं काय?"

जवळा म्हणजे ती अगदी बारीक कोळंबी. ती बारीक भोकांतूनच मिळते, हे खरं होतं. मी तिला तसं सांगितलं. एव्हाना हे भिजून परत आले होते आणि छपराच्या कडेला उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "खोला वेगळा शिवलेला असतो ना? बोंबलाच्या दिवसांत मोठ्या भोकांचा लावायचा. जवळा आला की जुना लावायचा."

"दोन-दोन खोले कोन शिवील?" एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं.

नाखवीण म्हणाली, "बाप्ये शिवतील. पावसात दुसरं काय काम असतं त्यांना?"

सगळ्या हसल्या. त्या दिवशी एवढंच झालं.

परतीच्या एस.टी.त लोक माझ्याजवळून उठून दुसरीकडे जाऊन बसले. हे म्हणाले, "आता कळलं मला कसं वाटतं?" मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला खूप बरं वाटत होतं, हे त्यांना कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा मी चपला जिन्यात काढल्या, सरळ न्हाणीघरात गेले. अंघोळ झाली, पण हातांचा वास जाईना. साबण लावला, पुन्हा लावला. मुलगी बाहेर रडत होती आणि मी तिला घेऊ धजत नव्हते. सासूबाईंनी दार वाजवलं. आत आल्या, पाटावर बसल्या, माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. वाटीत बेसन आणि ताक कालवून आणलं होतं. एकेक बोट चोळत त्या ते लावत राहिल्या. नखांच्या कडेनं, बोटांच्या मध्ये. मग लिंबाची फोड फिरवली. मी म्हटलं, "आई, मी करते." त्यांनी ऐकलं नाही.

"याचे वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते," त्या म्हणाल्या. "अंगाला गंधकाचा वास. उशीलासुद्धा. गेले त्यानंतर ती उशी मी किती दिवस धुतली नव्हती." माझा हात नाकाजवळ नेऊन त्यांनी हुंगला. "आहे अजून थोडा. असू दे. जा, घे तिला."

पुढच्या हंगामात गावातल्या काही होड्यांनी मोठ्या भोकांचा खोला लावला. सगळ्यांनी नाही. पहिले काही आठवडे बायकांनी कुरकुर केली, ढीग लहान दिसतो म्हणून. मग लक्षात आलं की निवडायला वेळ कमी लागतो आणि बोंबील चांगला वीतभर येतो, त्याला गिऱ्हाईकही चांगलं. ह्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खालच्या ताईंना पेढे दिले. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या गावानं बारीक जाळीच ठेवली, तेव्हा आमच्या गावानं सोडलेली पिल्लं तिकडे धरली गेली आणि काही होड्या चिडून जुन्या खोल्यावर परत गेल्या. नाखविणीची होडी मात्र गेली नाही. ह्यांचं काम असं कधी दोन पावलं पुढे, कधी मागे. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्यावरूनही तसंच. लवकर कोण निघालं, उशिरा कोण थांबलं, यावरून भांडणं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत पेपरात पृथ्वी तापण्याच्या बातम्या यायला लागल्या. मी ह्यांना विचारायची, "तुमच्या बादलीत काय दिसतं?" ते म्हणायचे, "एवढ्याशा वर्षांवरून समुद्राबद्दल बोलू नये." पण एकदा, पाणी गेलं होतं आणि आम्ही खाली टँकरची वाट बघत उभे होतो, तेव्हा आपणहून म्हणाले, "तापतोय गं. मी लिहून देणार नाही एवढ्यात, पण मला वाटतं, तापतोय." त्यांचा आवाज घरातल्या कोणाचं तरी दुखणं सांगावं तसा होता.

त्याच सुमाराला सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. नाखविणीला हे कळलं आणि एक दिवस ती एकटी बदलापूरला आली. डोक्यावर टोपली. मला धस्स झालं, आता हिला मासे बाहेर गॅलरीत ठेव असं कसं म्हणू. पण टोपलीत नारळ होते आणि तिच्या परसातल्या वालाच्या शेंगा. ती सासूबाईंच्या पलंगाशी खाली बसली. दोघींनी एकमेकींना तोवर पाहिलेलं नव्हतं, पण ओळख करून द्यावी लागली नाही.

"तूच का ती?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला माशांत लोळवलंस."

"आपनच लोलली ती," नाखवीण म्हणाली. "मी बोलवली नव्हती."

मग दोघी शेंगा सोलत बसल्या. सासूबाईंनी विचारलं, "मुलगा माझा म्हणतो पाणी गरम झालंय. खरं का गं?"

"आता ते मला काय ठावं, आई. बोंबील लांब गेलाय, येवढं खरं. पयल्या जागी डोल लावून भागत नाय. माझा पोरगा ट्रॉलरवर गेला, खोल पान्यात. मी म्हनलं, जा. अडवून काय करू?" तिनं आणखी एक शेंग सोलली. "आमचा म्हातारा आजून मोठ्या भोकाचाच खोला लावतो. पोरगा हसतो त्याला."

"हसू दे," सासूबाई म्हणाल्या.

दुपारी त्या दोघींना तिथेच डोळा लागला, एक पलंगावर, एक खाली सतरंजीवर. मी मुलीला गप्प बसवत होते. संध्याकाळी मी नाखविणीला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. वाटेत बाजारातून तिनं सुनेसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि माझ्या हातात एक चढवून माप बघितलं. निघताना म्हणाली, "होलीला या. म्हातारीलाबी आना."

सासूबाई होळीपर्यंत काठी घेऊन घरात फिरायला लागल्या, पण एवढा प्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी पुरणपोळ्यांचा डबा मात्र बांधून दिला. आम्ही तिघं गेलो. नाखविणीनं आमच्यासाठी बाजारातून नवं पातेलं आणलं होतं. त्यात भात आणि वालाचं बिरडं केलं होतं. "यात मासली कवाच शिजली नाय," असं तिनं मला दोनदा सांगितलं. हे आणि मुलगी किनाऱ्यावर होळीचं झाड उभं करताना बघायला गेले. मी आत चुलीपाशी बसून जेवले. ती समोर बसून पुरणपोळी खात होती, बोटं चाटत होती, आणि मी पान संपवेपर्यंत परत परत वाढत होती.